बांतारगेबांगच्या करारावर सही कुणाची हवी?

जकार्ताचा कचरा बेकासीनं अजून किती वर्षं घ्यायचा हा वाद इंडोनेशियात दर पाच वर्षांनी नव्यानं पेटतो, कारण करारच पाच वर्षांचा असतो. 2021 मध्ये केलेला करार 2026 मध्ये संपतोय आणि परत तीच रेकॉर्ड लागलीये. एक पार्टी म्हणते जकार्ता दादागिरी करतंय, स्वतःची घाण शेजाऱ्याच्या अंगणात लोटतंय. दुसरी म्हणते बेकासीवाले अडवणूक करतात, दरवेळी रक्कम वाढवून मागतात आणि मिळाली की गप्प बसतात. तिसरी पार्टी टेक्नॉलॉजीवाल्यांची, त्यांच्या मते अजून दोन-चार प्लांट टाकले की विषय संपला. मला विचाराल तर तिघंही भलत्याच ठिकाणी भांडतायत. कचरा बेकासीत जातो हे नकाशावर बरोबर आहे, पण बेकासीच्या मॉलमध्ये, गेटवाल्या सोसायट्यांमध्ये किंवा महापौरांच्या ऑफिसात त्यातलं काही पोचत नाही. तो जातो शहराच्या दक्षिण टोकाला, बांतारगेबांग नावाच्या भागात, तिथल्या चिकेतिंग उदिक, चिकिवुल आणि सुमुर बातू या वॉर्डांत. दोन शहरांनी बसून हा भाग वापरायला काढलाय आणि ज्या टेबलावर हे ठरतं तिथं या वॉर्डांची खुर्चीच नाही. माझं म्हणणं एवढंच की या वॉर्डांना करारात तिसरा पक्ष म्हणून, नाही म्हणायच्या हक्कासकट घेत नाहीत तोवर करार रिन्यू करू नये. हे ऐकायला भाबडं वाटतं मला माहितीये, त्यावरच्या आक्षेपांकडे येतोच.

आधी जागा समजून घेऊ. बेकासी म्हणजे जकार्ताला पूर्वेकडून चिकटलेलं, 25 लाखांवर वस्तीचं शहर. 2014 मध्ये इंडोनेशियन सोशल मीडियावर बेकासीची टर उडवायची लाटच आली होती, बेकासी म्हणजे दुसरा ग्रह, तिथं जायला पासपोर्ट लागतो वगैरे. गंमत म्हणजे हे शहर गरीब अजिबात नाही, 2025 ला महिन्याचं किमान वेतन 56 लाख 90 हजार रुपिया (इंडोनेशियाचं चलन) होतं, जकार्तापेक्षा जास्त, देशातल्या शहरा-जिल्ह्यांत सगळ्यात वरचं. कारखाने आहेत, टॉवर आहेत, 2023 पासून एलआरटी, म्हणजे हलकी मेट्रो, थेट जकार्ताला जाते. आणि याच शहराच्या एका कोपऱ्यात 110 हेक्टरच्या आसपास जमिनीवर जकार्ताच्या मालकीचं डम्पिंग ग्राउंड आहे, 1989 पासून चालू, रोज 7 हजार टनांहून जास्त माल, ट्रकच्या खेपा हजाराच्या वर, आणि डोंगर चाळीस-पन्नास मीटर उंच, म्हणजे पंधरा मजली बिल्डिंग धरा. जमीन जकार्ताची पण हद्द बेकासीची, सगळा घोळ इथूनच सुरू होतो. मूळची जागा म्हणे माती काढून नेलेल्या खड्ड्यांची, जकार्तातल्या नव्या वसाहतींच्या भरावासाठी इथली माती गेली आणि वसाहतीत माणसं राहायला लागल्यावर त्यांचा कचरा त्याच खड्ड्यात परत आला. 1989 म्हणजे हुकूमशहा सुहार्तोचा काळ, त्यात गावकऱ्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता. बेकासी शहर तरी तेव्हा कुठे होतं, ते जिल्ह्यातून वेगळं काढलं 1997 मध्ये. थोडक्यात मूळ निर्णयात ना हे शहर होतं ना ही वस्ती. शहराला पुढे बोलायला तोंड मिळालं, वस्तीला ते आजतागायत मिळालेलं नाही.

हे तोंड शहरानं वापरलंही. सुहार्तो गेल्यावर 1999 च्या कायद्यानं सत्तेचं विकेंद्रीकरण झालं, 2001 पासून ते लागू झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेकासीनं बांतारगेबांग बंद करून टाकलं. जकार्तात रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग लागले, राजधानीची पार भंबेरी उडाली, मग वाटाघाटी. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये परत तसंच, बेकासीनं जकार्ताचे ट्रक अडवले, कारण जकार्ताकडून बेकासीला मिळणाऱ्या अनुदानाची रक्कम अडकली होती. काही दिवसांत बेकासीचे महापौर आणि जकार्ताचे गव्हर्नर भेटले, मिटलं. नाक दाबलं की तोंड उघडतं हे बेकासीला चांगलंच कळलेलं आहे. पण मला सांगा, 2018 ला ट्रक अडले तेव्हा मागणी काय होती? डोंगराची उंची कमी करा, विहिरींचं पाणी साफ करा, की अनुदान द्या? अनुदानाची. आणि त्या अनुदानातून बेकासीत रावा पांजांग आणि चिपेंदावाला उड्डाणपूल झाले. ट्रक त्याच रस्त्यानं जातात, पूल उपयोगाचे आहेत, कुणी नाही म्हणत नाही. पण नाक वस्तीचं आणि पूल शहराला, हे काही कुणी मोठ्यानं बोलत नाही.

म्हणून बेकासी बिचारं आणि जकार्ता खलनायक ही गोष्ट मला पटत नाही. अजून एक गोष्ट जकार्ताला शिव्या घालणाऱ्या पोस्टमध्ये सहसा नसते. बांतारगेबांगच्या डोंगराला लागून दुसरा एक डोंगर आहे, सुमुर बातूचा, आणि तो बेकासीचा स्वतःचा आहे. म्हणजे जकार्तानं शेजाऱ्याच्या ज्या कोपऱ्यात घाण टाकली, शेजाऱ्यानंही आपली घाण नेमकी त्याच कोपऱ्यात नेऊन टाकली. का? तिथली माणसं आधीच सवयीची झालेली, जमिनीचा भाव आधीच पडलेला, रस्ता आधीच ट्रकचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, त्यातला प्रकार. घरमालक आणि शेजारी मिळून भाडेकरूच्या खोलीत अडगळ ठेवतात, शेजारी त्याचं भाडं मालकाला देतो, मालक आपलीही दोन खोकी हळूच सरकवतो आणि भाडेकरूला चहापाण्याला काहीतरी मिळतं, असा हा व्यवहार आहे.

चहापाणी म्हणजे तिथं ज्याला लोक उआंग बाऊ म्हणतात ते, वासाचे पैसे. जकार्ताकडून येतात, बेकासीच्या खजिन्यातून फिरून हजारो कुटुंबांच्या खात्यात पडतात, गेल्या काही वर्षांत महिन्याला 3 ते 4 लाख रुपिया, आपल्या हिशोबात दोन हजारांच्या आतबाहेर. यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे ही लाच आहे, दुसरं म्हणजे लोक खूश आहेत, तुम्हाला काय त्रास. दुसऱ्या मतात दम आहे हे मान्य करायला हवं. तिथले लोक रक्कम वाढवून मागतात, उशीर झाला तर ओरडतात, डम्पिंग बंद करा म्हणणारे त्यांच्यात कमीच. बाहेरच्यानं येऊन तुम्ही लाचार आहात म्हणणं उद्धटपणा आहे. पण इंडोनेशियाचा 2008 चा कचरा कायदा, 18 नंबरचा, काय म्हणतो बघा. त्यातल्या 25 व्या कलमात भरपाई कशाकशाची ते लिहिलंय: लोकांना दुसरीकडे वसवणं, पर्यावरण पूर्ववत करणं, आरोग्य आणि उपचारांचा खर्च, आणि किंवा इतर स्वरूपातली भरपाई. रोख पैसे हे त्या यादीतलं शेवटचं 'इतर'. दोन्ही शहरांनी नेमकं तेच उचललं, कारण ते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी कटकटीचं. चिकेतिंग उदिकजवळून काली आसेम नावाचा ओढा वाहतो, कचऱ्यातून झिरपलेल्या पाण्यानं काळा पडलेला, तो पूर्ववत करायचा तर दोन्ही शहरांना वर्षानुवर्षं खपावं लागेल. त्यापेक्षा खात्यात पैसे टाकणं सोपं. लोक खूश आहेत म्हणताना लोकांसमोर पर्याय किती ठेवले होते हेही सांगा ना. पहिल्या तीन गोष्टी कुणी देऊ केल्या आणि त्यांनी नाकारल्या असं झालेलं नाही.

त्याच कायद्यात उघडी डम्पिंग ग्राउंड पाच वर्षांत बंद करा असंही आहे, म्हणजे 2013 पर्यंत. जकार्तावाले म्हणतात आमचं उघडं नाही, आम्ही माती टाकतो, शीट अंथरतो, सॅनिटरी लँडफिल आहे. कागदावर ठीक आहे. पन्नास मीटरच्या डोंगरावर रोज 7 हजार टन येत असताना वरचा थर किती वेळ झाकलेला राहत असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

आता खरे आक्षेप. पहिला, जकार्ताकडे जागाच नाही. 660 चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्र आणि कोटीच्या वर माणसं, शिवाय रोज बेकासी, देपोक, तांगेरांग, बोगोरहून लाखो लोक कामाला येतात. बेकासीहून सकाळच्या लोकलनं आलेला माणूस जकार्तात दुपारी डबा खातो, कॉफीचा प्लास्टिकचा ग्लास फेकतो आणि संध्याकाळी घरी जातो, मग तो ग्लास जकार्ताचा की बेकासीचा? हा मुद्दा मला फार रास्त वाटतो. 'जकार्ताचा कचरा' असं काही शुद्ध स्वरूपात नसतंच, तो या सगळ्या पट्ट्याचा कचरा आहे. पण हे मान्य केलं की निष्कर्ष उलटा निघतो. कचरा सगळ्या पट्ट्याचा असेल तर तो एकाच कोपऱ्यात का? पट्ट्याचा आहे तर पट्ट्यात वाटा ना. श्रीमंत वस्त्याही पट्ट्यातच येतात.

इथं काही लोक म्हणतात की मग हद्दीच पुसून टाका. 2019 मध्ये बेकासीच्या तेव्हाच्या महापौरांनी खरंच म्हटलं होतं की बेकासी जकार्तात सामील झालेलं बरं. 2024 च्या जकार्ताच्या नव्या कायद्यानं तर आजूबाजूची शहरं-जिल्हे मिळून एक अधिकृत महाप्रदेशच ठरवून टाकलाय, त्याची परिषद, समन्वय वगैरे. हद्द पुसून प्रश्न सुटतो का हे आपल्याला पुण्यावरून चांगलं माहितीये. उरुळी देवाची आणि फुरसुंगीला पुण्याचा कचरा 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून जातोय, ग्रामपंचायती होत्या तेव्हा गाड्या अडवून आंदोलनं झाली, 2017 ला गावं महापालिकेत घेतली, पुढे परत बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. आत काय, बाहेर काय, डेपो जागचा हलला नाही. शेजारी म्हणून ज्याला विचारलं नाही त्याला आपला म्हणून विचारतील कशावरून? जकार्ताच्या नव्या परिषदेतही मंत्री, गव्हर्नर, महापौर असली मंडळी. चिकिवुलचा माणूस तिथं कुठून येणार.

दुसरा आक्षेप पोटाचा, आणि तो सगळ्यात अवघड. त्या डोंगरावर काही हजार कचरावेचक जगतात, पमुलुंग म्हणतात त्यांना, बरेचसे करावांग, इंद्रामायूसारख्या जिल्ह्यांतून आलेले, म्हणजे भातशेतीच्या प्रदेशातून. पाठीला वेताची टोपली, हातात लोखंडी आकडा, पायात गमबूट. पोकलेन वरून माल ओततो आणि त्याच्या बकेटच्या खाली, अगदी वीतभर अंतरावर ही माणसं आकडा मारून बाटली उचलतात आणि न बघता खांद्यावरून टोपलीत टाकतात. रात्री डोक्याला बॅटरी लावून तेच. पाण्याच्या ग्लासांचं पातळ प्लास्टिक वेगळं, बाटल्यांचं वेगळं, बादल्या-खुर्च्यांचं कडक प्लास्टिक वेगळं, झाकणं वेगळी, प्रत्येकाला वेगळा भाव, आणि घेणारा लापाकवाला, म्हणजे भंगारचा शेठ, जो बऱ्याचदा राहायला खोपटही देतो आणि उचलही देतो, मग भावही तोच ठरवतो. डम्पिंग बंद करा म्हणणारे ऑफिसातले पर्यावरणवाले या माणसांचं काय करायचं हे सांगत नाहीत तेव्हा मला त्यांचा राग येतो. शहर जे वर्गीकरण घरात करत नाही ते ही माणसं फुकटात करून देतात, तीस-पस्तीस वर्षं.

पण हाच मुद्दा घेऊन जे म्हणतात की म्हणून डोंगर असाच राहू द्या, त्यांना एक विचारायचंय. 2006 च्या सप्टेंबरमध्ये याच डोंगराचा भाग कोसळला आणि मेले ते कचरावेचकच. त्याच्या आदल्या वर्षी, 21 फेब्रुवारी 2005 ला बांडुंगजवळ लेउविगाजाहला डोंगर वस्तीवर आला आणि 140 हून जास्त माणसं गाडली गेली. ती जागाही अशीच होती, मोठं शहर बांडुंग, डम्पिंग त्याच्या शेजारच्या धाकट्या शहरात, चिमाहीत, टाकणारे दोन शहरं आणि एक जिल्हा, आणि जबाबदार विचाराल तर सगळ्यांची बोटं एकमेकांकडे. त्या तारखेला आता देशात राष्ट्रीय कचरा जागृती दिवस पाळतात, मंत्री झाडू घेऊन फोटो काढतात. माणसाचं पोट एखाद्या जागेवर अवलंबून आहे म्हणून ती जागा जीवघेणी राहू द्यायची हा युक्तिवाद खाणींच्या बाबतीत कुणी आज करेल का? मजूर खाणीवर जगतात म्हणून खाणीला आधाराचे खांब नकोत असं कुणी म्हणत नाही. वेचकांना वर्गीकरण केंद्रांवर, ट्रक भरायच्या आधीच्या टप्प्यावर, पगारावर घेणं हा पर्याय आहे, आपल्याकडे पुण्यात कचरावेचकांच्या संस्थेनं घरोघरचा कचरा गोळा करून तो काही प्रमाणात दाखवलाही आहे. सोपं नाही. पण पमुलुंगांचं नाव पुढे करून लापाकवाले आणि दोन महापालिका यांची सोय बघणं हा दांभिकपणा झाला.

तिसरा आक्षेप टेक्नॉलॉजीवाल्यांचा. 2023 पासून बांतारगेबांगला आरडीएफ प्लांट आहे, कचरा सुकवून, कापून जळण बनवायचं आणि सिमेंट कारखान्यांना विकायचं. क्षमता रोज 2 हजार टन, त्यातला निम्मा डोंगरातून उकरलेला जुना माल आणि निम्मा नवा. चांगली गोष्ट आहे, डोंगर उकरायला घेतला हे तर फारच चांगलं. पण साधी वजाबाकी करा, नव्या मालातले 1 हजार टन गेले, उरलेले 6 हजार कुठे जातात? वर. आणि त्यातला निम्म्याच्या आसपास ओला, म्हणजे भात, भाजी, फळांची सालं, जो जळणाला निरुपयोगी आणि वासाला कारण. तो घरात वेगळा केला तर अर्धी लढाई जिंकली, त्यासाठी जकार्तानं 2020 मध्ये वस्तीपातळीवर वर्गीकरणाचा नियमही काढला. आणि 2025 च्या जानेवारीपासून घरटी कचरा शुल्क लावायचं ठरलं होतं, जे वर्गीकरण करतील त्यांना माफ, ही खरं तर या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शहाणी कल्पना होती. पुढे ढकलली. जकार्तातल्या घराला महिन्याचं थोडंसं शुल्क लावायला सरकार कचरतं आणि बांतारगेबांगच्या घरात वास पोचवायला कचरत नाही. उत्तर जकार्तातल्या सुंतरचा इन्सिनरेटर, म्हणजे कचरा जाळायचा प्लांट घ्या, 2018 च्या डिसेंबरमध्ये भूमिपूजन केलं आणि 2023 मध्ये गुंडाळला. जकार्ताच्या पोटात काही बांधायचं म्हटलं की पैसा नाही, मॉडेल बरोबर नाही, अभ्यास चालू आहे. बांतारगेबांगचा दरवाजा उघडा असेपर्यंत हे असंच चालणार, कारण न बांधल्यानं जकार्ताचं काहीही बिघडत नाही.

आणि आता तो आक्षेप ज्याला मी सगळ्यात जास्त मान देतो. वस्तीला नकाराधिकार दिला तर कुठलीच वस्ती हो म्हणणार नाही, ना कचरा प्लांट होईल ना मैलापाणी केंद्र ना स्मशान, शहर चालणार कसं? कुणीतरी सोसायलाच हवं ना? तर्काला धरून आहे. पण हा आक्षेप घेणारे असं गृहीत धरतात की आज कुणालाच नकाराधिकार नाही. रोरोतानचं काय झालं ते आठवा. उत्तर जकार्तात रोरोतानला मोठा आरडीएफ प्लांट बांधला, रोज अडीच हजार टनांचा, 2025 च्या सुरुवातीला चाचणी सुरू झाली आणि जवळच्या मोठ्या गृहप्रकल्पातल्या लोकांना वास आला. ते रस्त्यावर आले, मुलांना खोकला होतोय म्हणाले, बातम्या झाल्या आणि गव्हर्नरनं चाचणी थांबवायला लावली, वास काढायची यंत्रं बसवा मग बघू. लोकांनी बरोबर केलं, गव्हर्नरनंही बरोबर केलं. पण मग बांतारगेबांगच्या पोरांना 1989 पासून जो खोकला होतोय त्याला कुठल्या रांगेत उभं करायचं? नकाराधिकार अस्तित्वात आहे. तो ज्यांच्या घराची किंमत मोठी, ज्यांच्या सोसायटीत वकील राहतो आणि ज्यांच्या फोनला टीव्हीवाले उत्तर देतात त्यांच्याकडे आहे. तो कागदावर आणा आणि चिकिवुललाही द्या एवढीच मागणी आहे.

शिवाय न विचारता केलं की नकार टळतो हेही खोटं. 2001 ला बेकासीनं दरवाजा बंद केल्यावर जकार्ताच्या कचऱ्यासाठी बोगोर जिल्ह्यात बोजोंगला नवा प्लांट उभा राहिला, करोडो खर्चून, गावकऱ्यांचा विरोध असताना. नोव्हेंबर 2004 मध्ये चाचणीच्या दिवशी दंगल झाली, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, माणसं जखमी झाली, पकडली गेली, आणि प्लांट शेवटी चाललाच नाही. 2015 ला चिलेउंग्सीत, म्हणजे बोगोरच्याच हद्दीत, रस्त्यावरच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. म्हणजे नाही म्हणायचा हक्क दिला नाही तरी लोक नाही म्हणतातच, फक्त सहीच्या जागी दगड येतो. कुठलं जास्त महाग पडतं ते जकार्ताच्या हिशोबनीसांनी सांगावं.

आणि हक्क मिळाला तर वस्ती नाहीच म्हणेल हे तरी कशावरून? मला वाटतं बांतारगेबांग उद्या सरसकट नाही म्हणणार नाही, पोट तिथं आहे, पैसे तिथं आहेत. ती अटी घालेल. अमुक वर्षी रोज इतके टन, पुढच्या वर्षी त्याहून कमी. ट्रक बंदिस्त, गळते नकोत, आणि शाळेच्या वेळेला नकोत. नळाचं पाणी आधी, पूल नंतर. विहिरींच्या तपासणीचे आकडे दर महिन्याला वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर. अटी मोडल्या तर गेट बंद, आणि ते बंद करायचा अधिकार महापौराचा नाही, वॉर्डांचा. असली कलमं दोन शहरांच्या करारात कधीच येणार नाहीत कारण दोघांनाही ती नकोयत, एकाला टन कमी करावे लागतात आणि दुसऱ्याला पैसे दुसऱ्या वॉर्डांपासून तोडून इथं लावावे लागतात.

घाणीपासून लांब पळायची जकार्ताची सवय तशी जुनी आहे. डचांचं बटाविया, म्हणजे तेव्हाचं जकार्ता, कालव्यांच्या घाणीनं आणि तापांनी मरायला लागलं तेव्हा 1808 नंतर गव्हर्नर जनरल डांडेल्सनं सरकारी कारभार दक्षिणेला वेल्टेव्रेडनच्या मोकळ्या हवेत हलवला, जुना किल्ला पाडला आणि कालव्याकाठी उरले ते ज्यांना हलणं परवडत नव्हतं. 2022 मध्ये कायदा करून राजधानीच उचलून बोर्निओत न्यायचं ठरलं, कारणं सांगितली ती गर्दी, प्रदूषण, खचणारी जमीन. दोनशे वर्षांत एवढाच फरक की तेव्हा साहेब घाण सोडून गेले आणि 1989 मध्ये साहेब जागेवर राहिले, घाण पाठवून दिली.

2026 च्या वाटाघाटीत माझ्या मते सुरुवात जकार्तापासून करूच नये. बेकासीनं आधी सुमुर बातूचा स्वतःचा डोंगर घ्यावा. तिथं जकार्ताची सही लागत नाही, गव्हर्नरला भेटावं लागत नाही, अनुदानाची वाट बघावी लागत नाही. तिथल्या वॉर्डाला बसवून रोजच्या टनांची मर्यादा लिहून द्यावी, उत्तर बेकासीच्या चकचकीत सोसायट्यांच्या आवारात वर्गीकरण केंद्रं काढावीत आणि तिथून येणारी बोंब ऐकावी. बेकासीचं महापालिका सभागृह हे करू शकलं तर पुढच्या वेळी ट्रक अडवताना त्यांच्या बोलण्याला वजन येईल, आणि नाहीच करू शकलं तर निदान जकार्ताशी चाललेलं भांडण कशाबद्दल आहे ते चिकेतिंग उदिकच्या लोकांना तरी कळेल.